इंटेलिजे प्लगिनमधून प्रोजेक्टच्या फोल्डरचा पाथ नेमका कसा काढायचा?

काटापावती (सांगली) · सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. जरा अडलंय, जाणकारांनी प्रकाश टाकावा.

आम्ही साखर कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतो, विश्रामबागेत छोटं ऑफिस, चार टाळकी. ऊस नोंद, तोडणी-वाहतूक, काटा, शेतकरी बिल असे वेगवेगळे मॉड्यूल, सगळं जावात, कोड लिहायला इंटेलिजे ही आयडीई, बिल्ड ग्रेडल या टूलवर. स्क्रीनवरची आणि पावतीवरची मराठी लेबलं प्रत्येक कारखान्याला आपापल्या पद्धतीची लागतात, म्हणजे एकाला 'तोडणी वाहतूक कपात' चालतं, दुसऱ्याला 'तोड व वाहतूक वजावट'च पाहिजे असतं आणि एवढ्यावरून अर्धा दिवस मीटिंग होते. म्हणून प्रत्येक कारखान्याचं एक मॉड्यूल केलंय आणि त्यात त्यांची 'लेबल्स डॉट प्रॉपर्टीज' फाईल ठेवलीय. फाईल जावा ८ च्या काळातली, त्यामुळे आत मराठी सरळ लिहिलेलं नाही, सगळे युनिकोड आकडे. 'बॅकस्लॅश यू ०९०ए बॅकस्लॅश यू ०९३८' असं दिसलं की समजायचं हा 'ऊस' आहे. आणि जावा कोडमध्ये तर तेही नाही, नुसती की (लेबलचं सांकेतिक नाव) असते, 'बिल.वजा.०४'. आता ही ०४ म्हणजे तोडणीची वजावट का सोसायटीची का डिपॉझिटची हे कुणाच्या बापाला आठवत नाही.

तर म्हटलं आपणच एक छोटं इंटेलिजे प्लगिन करू, कर्सर कीवर ठेवायचा, शॉर्टकट दाबायचा, त्या कारखान्याचं लेबल मराठीत पॉपअपमध्ये. पॉपअप झाला, की ओळखणं झालं, आकड्यांचं मराठी करणं झालं. घोडं अडलंय ते एवढ्यासाठी की ती लेबल फाईल शोधायला प्लगिनला प्रोजेक्टचा फोल्डर कळायला पाहिजे, आणि तो काय धड कळंना.

आतापर्यंत काय बघितलं ते सांगतो. सिस्टिम प्रॉपर्टी 'युजर डॉट डिर' घेतली तर आयडीई जिथं इन्स्टॉल आहे तिथला बिन फोल्डर येतोय. 'गेट बेस डिर' लिहिलं की त्याच्यावर आडवी रेघ मारून येतीय, म्हणजे डेप्रिकेटेड, आता वापरू नका असं. 'गेट बेस पाथ' माझ्या मशीनवर बरोबर देतंय, पण शेजारच्या टेबलावर भलताच फोल्डर. एकच रिपॉझिटरी, एकच प्लगिन.

(नावं देवनागरीतच टाकलीत कारण मोबाईलवरनं लिहितोय, सगळे समजून घेतील.)

भडंग (सांगली) · सोमवार, रात्री १०:५५

वाखुसा (वाचनखूण साठवली). मी शेवटच्या वर्षाला आहे आणि आमच्या ग्रुपचं पण हेच रडगाणं चालू आहे फक्त आमचं तुमच्याएवढं पुढं गेलेलं नाही. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

टर्मिनलवाला (पुणे, मूळ इस्लामपूर) · सोमवार, रात्री ११:१०

इतका खटाटोप कशाला राव? प्रत्येकाच्या मशीनवर एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठेवा, त्यात पाथ, प्लगिननं तो वाचायचा, विषय संपला. आणि ते युनिकोड आकडे मराठीत बघायचे असतील तर इंटेलिजेच्या फाईल एन्कोडिंगच्या सेटिंगमध्ये नेटिव्ह टू आस्कीचा चौकोन आहे, तो टिक करा, प्रॉपर्टीज फाईल उघडली की सरळ मराठी दिसतं. असलेलं वापरायचं सोडून नवीन कशाला बनवायचं हे मला कधी कळत नाही.

काटापावती · सोमवार, रात्री ११:२४

तो चौकोन टिक आहेच की. पण ते फाईल उघडल्यावर. मला जावा कोडमध्ये बसल्या जागी पाहिजे, आणि कुठल्या कारखान्याची फाईल ते मी कुठल्या मॉड्यूलमध्ये उभा आहे त्याच्यावर ठरतं.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल नको कारण माझ्याकडं कायम दोन खिडक्या उघड्या असतात. एकीत मागच्या गळीत हंगामाची ब्रँच, कुणाचं तरी बिल दुरुस्तीला आलेलं असतंयच, आणि दुसरीत चालू हंगामाची. दोन्हीचे फोल्डर वेगळे. व्हेरिएबल एकच, मग ते कुणाचं धरायचं?

मिरज_जंक्शन (मिरज) · मंगळवार, सकाळी ७:३५

दोन खिडक्यांचं लिहिलंस ते बरं केलंस, कारण सगळ्या घोळाचं मूळ तिथंच आहे.

इंटेलिजेमध्ये तू दोन प्रोजेक्ट दोन खिडक्यांत उघडलेस तरी पाठीमागं प्रोसेस एकच असते. एकच जावा व्हर्च्युअल मशीन, त्यात दोन प्रोजेक्ट ऑब्जेक्ट. 'युजर डॉट डिर' ही त्या प्रोसेसची गोष्ट, प्रोसेस जिथनं सुरू झाली तो फोल्डर. तुझ्या प्रोजेक्टशी तिचं काही नातं नाही. नुसता टिंब देऊन फाईल ऑब्जेक्ट केलास तरी तेच उत्तर येणार. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पण प्रोसेसचंच. म्हणजे प्रोसेसला विचारून प्रोजेक्ट कधीच कळणार नाही, हा रस्ता सोडूनच दे.

आता 'गेट बेस डिर' वर रेघ का? तिथं कंट्रोल क्यू दाबून डॉक्युमेंटेशन वाच, स्पष्ट लिहिलंय की 'प्रोजेक्ट रूट' अशी काही कल्पनाच या प्लॅटफॉर्ममध्ये नाही. प्रोजेक्ट म्हणजे मॉड्यूलांचा संच, आणि प्रत्येक मॉड्यूलचे आपापले कन्टेन्ट रूट, म्हणजे त्याच्या फाईली ज्यात असतात ते वरचे फोल्डर, एक असेल नाहीतर चार असतील. ते एकमेकांच्या पोटात असलेच पाहिजेत असं पण नाही, एक डी ड्राइव्हवर आणि एक सी वर असू शकतो.

'गेट बेस पाथ' काय देतं? सध्याच्या पद्धतीत डॉट आयडिया नावाचा फोल्डर ज्याच्यात असतो तो. जुन्या आयपीआर फाईलच्या पद्धतीत ती फाईल जिथं असेल तो. थोडक्यात सेटिंग कुठं ठेवलंय ते सांगतं, कोड कुठं आहे ते नाही. बहुतेक वेळा दोन्ही एकच असतं म्हणून आपल्याला वाटतं की चाललंय. शिवाय ते नल (म्हणजे काहीच नाही) पण देऊ शकतं, नवीन प्रोजेक्टांसाठीचं सेटिंग ज्या 'डिफॉल्ट प्रोजेक्ट'मध्ये असतं त्याला बेस पाथ नसतो.

तुझ्या शेजारच्या टेबलाचं कोडं यातच सुटेल. त्यांनी प्रोजेक्ट कुठला फोल्डर धरून उघडलाय ते जाऊन बघ आधी.

काटापावती · मंगळवार, सकाळी १०:१५

ताई दंडवत. बघितलं. तिनं नुसतं बिलाचं मॉड्यूल उघडलंय आणि बाकीची दोन बाहेरून जोडून घेतलीत, कारण सगळं उघडलं की तिचा लॅपटॉप विमानासारखा आवाज करतोय. म्हणजे डॉट आयडिया बिलाच्या फोल्डरात. बेस पाथ तोच येणार.

मग गुगलवर 'गेस प्रोजेक्ट डिर' सापडलं. ते वापरू का?

मिरज_जंक्शन · मंगळवार, दुपारी १:०५

नावातच गेस, म्हणजे अंदाज, आहे रे बाबा.

सोर्स उघडा आहे, आत जाऊन वाच. आवृत्तीप्रमाणं थोडा फरक आहे पण साधारण असं की प्रोजेक्टमध्ये एकच मॉड्यूल असेल तर त्याचा फोल्डर, जास्त असतील तर प्रोजेक्टच्याच नावाचं मॉड्यूल सापडतंय का बघायचं आणि त्याचा फोल्डर, आणि काहीच नाही जमलं तर शेवटी बेस पाथच. एकच मॉड्यूलवाल्या साध्या प्रोजेक्टला उत्तम. किंवा 'फाईल सेव्ह कुठं करू' अशी खिडकी उघडताना सुरुवातीचा फोल्डर म्हणून दाखवायला पण चालेल, चुकला तर माणूस दुसरा निवडतो. तुझ्याकडं चुकला तर पॉपअपमध्ये दुसऱ्याच कारखान्याचं लेबल येईल आणि कुणाला कळणार पण नाही. त्यात फरक आहे.

तुला प्रोजेक्टचा फोल्डर नकोच आहे मुळात. कर्सर ज्या फाईलमध्ये आहे ती फाईल कुणाची, हे तुला पाहिजे. तर उलटीकडनं ये:

ॲक्शनच्या इव्हेंटमधून 'गेट प्रोजेक्ट' घे, तो नल असला तर गप परत फीर. त्याच इव्हेंटमधून कॉमन डेटा कीज मधली 'व्हर्च्युअल फाईल' घे, ही तुझी उघडी फाईल. मग 'प्रोजेक्ट फाईल इंडेक्स' ला विचार, 'गेट मॉड्यूल फॉर फाईल' आणि 'गेट कन्टेन्ट रूट फॉर फाईल'. हे रीड ॲक्शनच्या आत. इंडेक्सिंग चालू असलं तरी ही दोन्ही उत्तर देतात, त्यामुळे ॲक्शनला डम्ब अवेअर (इंडेक्सिंग चालू असताना पण चालणारी) केलंस तरी चालेल, सकाळी प्रोजेक्ट उघडल्या उघडल्या पण शॉर्टकट काम करेल.

आणि एक. 'प्रोजेक्ट मॅनेजर'मधून उघडे प्रोजेक्ट घेऊन त्यातला पहिला, म्हणजे शून्यावरचा, उचलायचा असा सल्ला नेटवर जागोजागी दिसेल. दोन खिडक्या असल्या की तो पहिला कुठला येईल हे नशिबावर. तुझ्याकडं चालू हंगामाच्या खिडकीत मागच्या हंगामाचं लेबल येईल. प्रोजेक्ट नेहमी इव्हेंटमधून नाहीतर सर्व्हिसच्या कन्स्ट्रक्टरमधून घ्यायचा, आणि स्टॅटिकमध्ये तर अजिबात साठवायचा नाही, खिडकी बंद केली तरी तो मेमरीत चिकटून बसतो.

पोवईनाका (सातारा) · मंगळवार, दुपारी २:४०

वाचतोय, मजा येतीय. मी व्हीएस कोडची एक्स्टेन्शन करतो, तिथं पण अगदी हीच कहाणी आहे म्हणून भर टाकतो, त्या बाजूचं कुणी हा धागा शोधत आलं तर उपयोगी पडेल.

पूर्वी 'वर्कस्पेस डॉट रूट पाथ' होतं, एक स्ट्रिंग, काम फत्ते. मग २०१७ मध्ये एकाच खिडकीत अनेक फोल्डर उघडायची सोय आली आणि रूट पाथ डेप्रिकेटेड झाला. आता 'वर्कस्पेस फोल्डर्स' ही यादी मिळते. लोक काय करतात, यादीतला शून्यावरचा उचलतात आणि मोकळे होतात, म्हणजे ताईंनी वर सांगितलेलाच रोग. आणि कुणी फोल्डर न उघडता नुसती एक फाईल उघडली असेल तर यादी रिकामी पण नसते, अनडिफाइन्ड असते, तिथं एक्स्टेन्शन आडवं होतं. बरोबर रस्ता तोच, 'गेट वर्कस्पेस फोल्डर' ला उघड्या डॉक्युमेंटचा यूआरआय द्यायचा, तो सांगेल ही फाईल कुठल्या फोल्डरातली. सेव्हच न केलेल्या फाईलला काहीच उत्तर येणार नाही, ते तपासून घ्यायचं.

दुसरी गोम पाथ वाचण्यात. यूआरआयचा 'पाथ' विंडोजवर स्लॅश सी कोलन असा सुरू होतो, तो तसाच फाईल उघडायला दिला की बोंब. 'एफएस पाथ' घ्यायचा. आणि यूआरआयची सरळ टू स्ट्रिंग केली तर मराठी नावाच्या फोल्डरचं टक्के-ई-शून्य टक्के-ए-चार असं लांबलचक शेपूट होतं. आमच्याकडं एका क्लायंटच्या मशीनवर 'नवीन फोल्डर' याच नावाचा फोल्डर होता, मराठी विंडोज, त्यामुळे हे सगळं कळालं.

अजून म्हणजे फोल्डर तुमच्या डिस्कवर असेलच असं पण नाही. गिटहबची रिपॉझिटरी क्लोन न करता पण उघडता येते, तेव्हा नोडच्या एफएस ऐवजी 'वर्कस्पेस डॉट एफएस' वापरलेलं बरं.

टर्मिनलवाला · मंगळवार, दुपारी ३:१२

म्हणजे एक फोल्डर शोधायला एवढी पूजा मांडायची. तरी म्हणतो टर्मिनल बरं. सीडी केलं की तिथंच आपण.

(ह.घ्या., हलके घ्या.)

जुनाजाणता (सातारा) · मंगळवार, रात्री ९:२०

चर्चा चांगली चालली आहे. मी एक्लिप्सच्या जमान्यातला माणूस, आता प्लगिन लिहीत नाही पण हा प्रश्न तेव्हाही रोज कुणीतरी विचारायचंच.

एक्लिप्सात वर्कस्पेस आणि प्रोजेक्ट या दोन वेगळ्या गोष्टी. नवीन पोरं वर्कस्पेसचा पाथ घ्यायची, पुढं स्लॅश आणि प्रोजेक्टचं नाव चिकटवायची आणि म्हणायची झालं. स्वतःच्या मशीनवर व्हायचंच. पण प्रोजेक्ट इम्पोर्ट करताना कॉपी करू नको असं सांगितलेलं असेल तर तो मूळ जागीच राहतो, वर्कस्पेसच्या पोटात तो नसतोच. मग चिकटवलेल्या पाथवर फोल्डरच नाही. 'आय प्रोजेक्ट'ला 'गेट लोकेशन' विचारायचं, ते डिस्कवरचा खरा पाथ देतं. 'गेट फुल पाथ' विचारलं तर नाव भारदस्त आहे पण उत्तर वर्कस्पेसच्या हिशोबानं येतं, स्लॅश आणि प्रोजेक्टचं नाव, बस. या दोघांच्या गोंधळात बऱ्याच जणांनी रात्री काढल्यात. आणि गेट लोकेशन सुद्धा नल येऊ शकतं, रिसोर्स लोकल डिस्कवर नसला तर.

दुसरं म्हणजे निवडलेला प्रोजेक्ट कुठला हे काढताना पॅकेज एक्स्प्लोररमध्ये टिचकी मारली की हातात आय प्रोजेक्ट येत नाही, जावा एलिमेंट येतं, सरळ कास्ट केलं की एक्सेप्शन. ॲडाप्टरमधून आय रिसोर्स मागायचा, आणि त्याला त्याचा प्रोजेक्ट विचारायचा.

यात मला कायम नेटबीन्सचं कौतुक वाटत आलंय. १९९६ साली प्रागच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला तो प्रकल्प, आता अपाचीकडं आहे. त्यात क्लासचंच नाव 'फाईल ओनर क्वेरी'. 'गेट ओनर' ला फाईल द्यायची, मालक प्रोजेक्ट परत येतो, आणि त्याला 'गेट प्रोजेक्ट डिरेक्टरी' विचारायची. प्रश्न कसा विचारायचा तेच नावात घालून ठेवलंय.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर खातेदाराला गाव विचारलं की तो घर आहे ते गाव सांगणार, पण त्याचा ऊस तीन गावांच्या गटात उभा असतो. तोडणी टोळी घराच्या पत्त्यावर पाठवून चालत नाही, गट नंबर बघावा लागतो. काटापावती यांना हे मी काय वेगळं सांगणार.

काटापावती · मंगळवार, रात्री ९:४८

काका, आमच्या नोंद मॉड्यूलात अगदी हेच दोन कॉलम आहेत, खातेदाराचं गाव आणि प्लॉटचं गाव. एकच कॉलम ठेवून एका गावची टोळी दुसरीकडं गेलेली पण बघितलीय, ते सॉफ्टवेअर आमचं नव्हतं.

उद्या ताईंनी सांगितलं तसं करून कळवतो.

भडंग · मंगळवार, रात्री १०:३०

मध्येच घुसतोय माफ करा. माझं प्लगिन उघड्या प्रोजेक्टऐवजी स्वतःच्याच फोल्डरचा पाथ दाखवतंय. मी क्लासवर 'गेट रिसोर्स' लावून पाथ काढलाय. सरांनी सांगितलं ते जावाचंच आहे चालेल.

मिरज_जंक्शन · मंगळवार, रात्री १०:५०

गेट रिसोर्स तुझ्या क्लासच्या बाजूला बघतं, आणि तुझा क्लास प्लगिनच्या जारमध्ये आहे, मग तिथलाच पाथ येणार की. आयकॉन, टेम्प्लेट अशा स्वतःच्या सामानासाठी ते. व्हीएस कोडमधला 'एक्स्टेन्शन पाथ' पण तसलाच.

आणि तू 'रन आयडीई' टास्कनं चालवतोस ना? तेव्हा जी दुसरी खिडकी उघडते ती सँडबॉक्स, पूर्ण वेगळी आयडीई. प्लगिन तिच्यात चालतं. तिच्यात एखादा डमी प्रोजेक्ट उघड आणि मग बघ. ज्या खिडकीत प्लगिनचा कोड लिहितोयस तिथला प्रोजेक्ट त्याला दिसत नाही, दिसायला पण नको.

काटापावती · बुधवार, दुपारी १२:२०

ताई, केलं. नव्वद टक्के जमलं आणि मग एक विचित्र गोष्ट. काट्याच्या मॉड्यूलात 'वजन पावती' नावाच्या क्लासवर उभा राहून कन्टेन्ट रूट विचारला. मला वाटलं 'काटा' फोल्डर येईल. येतोय 'काटा स्लॅश एसआरसी स्लॅश मेन'. मॉड्यूलचं नाव पण नुसतं 'काटा' नाही, 'साखर डॉट काटा डॉट मेन' असं काहीतरी. माझी लेबल फाईल 'काटा' फोल्डरात, बिल्ड फाईलच्या शेजारी. मेनच्या आत शोधून ती कशी सापडणार?

मिरज_जंक्शन · बुधवार, दुपारी १:३०

हां, ग्रेडल म्हणालेलास, मीच पुढचं सांगायला पाहिजे होतं असं नाही म्हणणार कारण हे बघितल्याशिवाय पटत नाही.

इंटेलिजे ग्रेडलचा प्रोजेक्ट घेताना प्रत्येक सोर्स सेटचं वेगळं मॉड्यूल करतं. म्हणजे तुझ्या एका 'काटा'ची तीन मॉड्यूल. एक नुसतं 'काटा', त्याचा कन्टेन्ट रूट काटा फोल्डर. एक 'काटा डॉट मेन', रूट एसआरसी मेन. एक 'काटा डॉट टेस्ट', रूट एसआरसी टेस्ट. फाईल मेनमध्ये आहे म्हटल्यावर सगळ्यात जवळचा रूट मेनचाच मिळणार, उत्तर बरोबर आहे. ग्रेडलऐवजी मेवन असतं तर एका पॉमला (मेवनची बिल्ड फाईल) एक मॉड्यूल आणि रूट पॉमच्या फोल्डरवर, तेव्हा हा प्रश्न आला नसता.

उपाय दोन.

'एक्स्टर्नल सिस्टिम एपीआय युटिल' म्हणून क्लास आहे, त्यात 'गेट एक्स्टर्नल प्रोजेक्ट पाथ' ला मॉड्यूल द्यायचं. मेनचं मॉड्यूल दिलंस तरी ते 'काटा' फोल्डरचा पाथ देतं, ग्रेडलच्या नजरेतला. त्याच्याच शेजारी 'गेट एक्स्टर्नल रूट प्रोजेक्ट पाथ' आहे, तो सगळ्यात वरचा, म्हणजे तुझा 'साखर'. हे स्ट्रिंग देतात आणि मॉड्यूल ग्रेडलचं नसेल तर नल.

किंवा उघड्या फाईलपासून एकेक फोल्डर वर चढत जायचं आणि प्रत्येक ठिकाणी लेबल फाईल आहे का बघायचं, 'गेट पेरेंट' आणि 'फाईंड चाइल्ड', दोनच मेथड.

टर्मिनलवाला · बुधवार, दुपारी २:००

हे दुसरं मला पटलं. गिट असंच करतं. कुठल्याही आतल्या फोल्डरात उभा राहून गिट स्टेटस मार, ते वर वर चढत डॉट गिट शोधतं. आयडीई कुठली, ग्रेडल का मेवन, कुणी प्रोजेक्ट कसा उघडलाय, काही फरक पडत नाही. खुणेची फाईल ठेवा आणि चढत जा. मी तर म्हणतो मॉड्यूल, कन्टेन्ट रूट काहीच विचारू नका.

मिरज_जंक्शन · बुधवार, दुपारी २:२५

चढायचं कुठपर्यंत पण? लेबल फाईल नसलेल्या मॉड्यूलात उभा असेल तर चढत चढत 'साखर'च्या पण वर जाईल, डेस्कटॉपवर कुणीतरी जुनी कॉपी टाकून ठेवलेली असेल ती पकडेल आणि लेबल दाखवून मोकळं होईल. गिटची खूण अशी इकडंतिकडं पडलेली नसते, 'लेबल्स डॉट प्रॉपर्टीज' कुठंही सापडेल. वर एक कुंपण पाहिजेच, आणि ते कुंपण कुठं हे आयडीईच सांगू शकते.

टर्मिनलवाला · बुधवार, दुपारी २:३१

डेस्कटॉपवरच्या जुन्या कॉपीचं मान्य. आमच्या ऑफिसात 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल खरं' असे तीन फोल्डर आहेत.

पोवईनाका · बुधवार, दुपारी ३:०५

ताई, आमच्याकडं पण मी हेच करतो, वर्कस्पेस फोल्डर हे कुंपण आणि त्याच्या आत चढायचं. फक्त सिमलिंक (दुसऱ्या फोल्डरकडं नेणारी लिंक) असला की गडबड होते, फाईल एका पाथनं उघडलेली आणि फोल्डर दुसऱ्या पाथनं, मग स्ट्रिंग जुळत नाहीत आणि कुंपण ओलांडून पुढं जातं. स्ट्रिंगांची तुलना करूच नये.

मिरज_जंक्शन · बुधवार, दुपारी ३:४०

बरोबर. इंटेलिजेत व्हर्च्युअल फाईलचीच तुलना करायची, पाथच्या स्ट्रिंगची नाही. विंडोजवर अजून एक गंमत आहे, व्हर्च्युअल फाईलचा पाथ कायम पुढच्या स्लॅशचा असतो आणि जावाच्या फाईलचा उलट्या स्लॅशचा, त्यामुळे एकच फोल्डर असून इक्वल्स फॉल्स.

काटापावती, टेस्ट लिहिणार असशील तर आत्ताच सांगून ठेवते. लाइट टेस्टमध्ये फाईल डिस्कवर नसतेच, मेमरीतल्या टेम्प नावाच्या फाईल सिस्टिममध्ये असते. जावाचा फाईल ऑब्जेक्ट करून उघडायला गेलास की सापडणार नाही आणि तू कपाळाला हात लावून बसशील. सुरुवातीपासून व्हर्च्युअल फाईलवरच राहा, पाथ फक्त माणसाला दाखवायला.

काटापावती · गुरुवार, रात्री ८:५०

झालं बघा एकदाचं. कुणाला लागेल तर आता असं चालतंय:

इव्हेंटमधून प्रोजेक्ट आणि उघडी फाईल, दोन्हीतलं एक जरी नसलं तरी मेनूत ती ॲक्शन करडी. मग फाईल इंडेक्सकडून मॉड्यूल. मॉड्यूल ग्रेडलचं असेल तर एक्स्टर्नल प्रोजेक्ट पाथ घेऊन त्याची व्हर्च्युअल फाईल, नसेल तर कन्टेन्ट रूट, हे कुंपण. उघड्या फाईलपासून कुंपणापर्यंत चढत लेबल फाईल शोधायची, कुंपणाचा फोल्डर धरून. मिळाली तर पॉपअपमध्ये लेबल आणि खाली बारीक अक्षरात कारखान्याचं मॉड्यूल आणि फाईलचा पाथ. नाही मिळाली तर 'या मॉड्यूलला लेबल फाईल नाही' एवढं सरळ सांगायचं, अंदाजानं दुसरीकडची उचलायची नाही.

खालची ती बारीक ओळ बिल सांभाळणाऱ्या आमच्या मॅडमनी सुचवली आणि तीच सगळ्यात कामाची निघाली. दोन खिडक्यांत एकच की बघितली, 'बिल.वजा.०४', एकीत 'तोडणी वाहतूक कपात', दुसरीत 'बिगर परतीची ठेव'. मागच्या हंगामात आणि या हंगामात ०४ चा अर्थच बदललेला आहे आणि ते कुठंच लिहून ठेवलेलं नव्हतं. आता ते कुणी बदललं त्याची चौकशी चालू आहे.

शेजारच्या टेबलावर पण बरोबर येतंय, बाहेरून जोडलेल्या मॉड्यूलात सुद्धा.

जुनाजाणता · गुरुवार, रात्री ९:१५

उत्तम. स्क्रॅच फाईलमध्ये काय होतं?

काटापावती · गुरुवार, रात्री ९:३०

काका, ती कुठल्याच कन्टेन्ट रूटमध्ये नसते, आयडीईच्या स्वतःच्या कॉन्फिग फोल्डरात असते. मॉड्यूल नल येतंय, त्यामुळे 'फाईल नाही' चाच मेसेज. एखाद्या लायब्ररीचा क्लास उघडून शॉर्टकट दाबला तरी तेच.

पोवईनाका · गुरुवार, रात्री ९:४१

एफआरपी (उसाचा ठरलेला किमान दर) चौदा दिवसांत द्यायची असते, तुझं प्लगिन त्याच्या आधीच झालं. अभिनंदन.

भडंग · गुरुवार, रात्री १०:०५

दादा कोड कुठं टाकणार आहे का? आमचं सबमिशन सोमवारी आहे.

काटापावती · गुरुवार, रात्री १०:१२

फोल्डर शोधायचा तेवढा क्लास वेगळा काढून टाकतो शनिवारी, लेबलचं ऑफिसचं आहे ते नाही देता येणार. आणि जसाच्या तसा सबमिट करू नको, व्हायव्हात कुंपण म्हणजे काय विचारतील.